हद्दपार प्रमुखाची वंशावळ

सासरच्या कुलवृत्तांतात माझं नाव कंसात आहे. ते तिथे मीच टाकलं. ग्रंथाचं संपादन माझं, टंकलेखन माझं, चुलत सासऱ्यांच्या भांडणांतून खरी जन्मसालं उपसून काढली तीही मीच. आणि शेवटी नियमाप्रमाणे नवऱ्याच्या नावापुढे स्वतःला कंसात बसवलं. नियम साधे असतात. मुलगे जन्मक्रमानं, थोरला डावीकडे, प्रत्येकाला आकडा. बायका कंसात, दोन असतील तर प्रथम संबंध, द्वितीय संबंध. मुलींची रेघ लग्नापाशी थांबते.

प्रकाशन पुण्यात झालं. कुळातले सर्वांत वयस्कर गृहस्थ फेटा बांधून अध्यक्षस्थानी होते. आपलं कुळ लढवय्यांचं, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी कागद तपासले होते. कुळातली सर्वांत मोठी लढाई विहिरीच्या पाळ्यांवरून झाली होती आणि तिचा निकाल अजून लागलेला नव्हता. मला शाल आणि नारळ मिळाला. शाल सिंगापूरच्या हवेत कुणी पांघरत नाही, पण कपाटात घडी करून ठेवलेली आहे.

टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये हे कळायला वेळ लागला नाही. दिवाळीत मजल्यावरच्या शेजाऱ्यांना फराळाला बोलवायची आमची पद्धत. त्या वर्षी वंशावळीचा मोठा तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरलेला राहिला होता, आणि त्यावर चकल्यांची ताटली ठेवू का, असं विचारणारी एकच पाहुणी होती. ती आमच्या शेजारचा फ्लॅट भाड्यानं घेऊन राहायची. चाळिशीची, उंच, वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधक. दक्षिण आफ्रिकेतली. इथल्या प्रत्येक फॉर्मवर वंशाचा रकाना असतो आणि तिच्या वाट्याला नेहमी ‘इतर’ हा चौकोन येतो. “आमच्याकडे पूर्वी हा चौकोन ठरवायला केसात पेन्सिल खोचून बघत, अडकून राहिली की काळा,” ती म्हणाली होती. “इथे निदान स्वतः खूण करता येते.”

ती तक्त्यावर वाकून बराच वेळ उभी राहिली.

“हे सगळं तू शोधलंस, आंटी?”

“शोधलं कुठलं. जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांना वेगवेगळे फोन केले.”

“माझ्या आजोबांसाठी असं करशील?”

फराळाच्या वेळी लोक बरंच काही बोलतात. पण दुसऱ्या आठवड्यात ती खरोखरच एक जाड पाकीट घेऊन आली.

तिचे आजोबा प्रमुख होते. ‘चीफ’ला मराठीत नीट शब्द नाही. वर्तमानपत्रं ‘टोळीप्रमुख’ लिहितात, त्यानं दरोडेखोर डोळ्यांपुढे येतो. आमच्या जुन्या पाटलाच्या जवळपासचा माणूस, एवढं समजून घ्यावं. गावाचे तंटे तोडायचे, जमीन वाटून द्यायची, आणि बोलण्याआधी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं.

पाकिटात एका कायद्याची झेरॉक्स होती, एकोणीसशे एक्कावन्न सालची. मी आयुष्यभर एका बँकेच्या कागदपत्र विभागात काम केलं, त्यामुळे कायदे वाचायची मला सवय आहे, आणि एखादा कायदा फार अदबीनं बोलायला लागला की मी चष्मा पुसून घेते. त्या राजवटीत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बाकावर बसायची बंदी होती, शहरात राहायला परवाना लागायचा. पण त्याच्या परंपरेबद्दल सरकारला अतोनात जिव्हाळा होता. त्या जिव्हाळ्यापोटी हा कायदा केला गेला. काळ्यांसाठी राखलेल्या मुलखात प्रमुखांच्या अधिकारी मंडळ्या स्थापन झाल्या. प्रमुखाला मानधन, शिक्का, कधी घर. बदल्यात त्यानं सरकारचे हुकूम लोकांच्या गळी उतरवायचे: गुरं कमी करा, कुंपणं घाला, घरं उठवून रांगेत बांधा. पूर्वी तो लोकांचं ऐकून बोलायचा, आता सरकारचं ऐकून लोकांना सांगायचं. ज्याला जमणार नाही त्याला हटवून दुसरा नेमायची सोय होतीच. दुसरा शक्यतो घरातलाच.

हे मला परकं वाटलं नाही. आमच्याकडेही इंग्रज कलेक्टर पाटील नेमायचे आणि बडतर्फ करायचे. एका भावाची पाटीलकी दुसऱ्याला दिली की पुढची पन्नास वर्षं त्या गावात सरकारला वेगळं काही करावं लागत नसे.

तिच्या आजोबांनी गुरं मोजून द्यायला नकार दिला. भर सभेत मॅजिस्ट्रेटला सांगितलं की गुरं सरकारनं दिलेली नाहीत, तेव्हा सरकारनं ती कमी करायचं कारण नाही. दोन आठवड्यांनी पोलिसांचा ट्रक आला. त्यांना देशाच्या पार उत्तरेला, जिथली भाषाही त्यांना येत नव्हती अशा रखरखीत जागी नेऊन टाकलं. पत्र्याच्या खोलीत ते काही वर्षं राहिले आणि तिथेच मेले. त्यांच्या जागी त्यांच्या भावाला बसवलं गेलं. आज त्या भावाचा नातू प्रमुख आहे.

“आता राज्य तुमचंच आहे ना?” मी विचारलं.

“हो. म्हणून आता आमचीच समिती आहे.”

प्रांतात अशा जुन्या दाव्यांसाठी एक समिती बसली होती. तिच्या वडिलांनी तिथे अर्ज केला होता. त्यांना गादी नको होती. ते निवृत्त शाळामास्तर, ऐंशीच्या पुढचे, एका फुप्फुसावर जगणारे. त्यांना वडिलांची हाडं घरी आणायची होती. त्यांच्या लोकांत प्रमुखाला मूळ घराच्या गुरांच्या आवाराला लागून पुरतात, आधीच्या प्रमुखांच्या ओळीत. ती जागा आता दुसऱ्या शाखेच्या ताब्यात होती आणि तिथून निरोप आला होता की या ओळीत फक्त प्रमुखच पुरले जातात. आजोबा खरे प्रमुख होते असं समितीनं म्हटलं तर बघू. तेव्हा सगळं त्या एका ठरावावर अडलं होतं. मास्तरांची आई तिथेच जवळ पुरलेली होती, बायकोही, आणि तिच्या शेजारी मास्तरांची स्वतःची जागा राखलेली होती. फक्त वडील नव्हते.

“माझ्या डोळ्यांदेखत झालं तर बरं, असं ते म्हणतात,” ती म्हणाली. “म्हणजे घाई आहे.”

समितीला एक निवेदन हवं होतं आणि एका पानावर वंशावळ. मास्तरांनी मजकूर शाळेच्या वहीत हातानं लिहून, फोटो काढून पाठवला होता. अक्षर मोत्यासारखं, फोटो हललेले. तिच्या प्रयोगशाळेत त्या वेळी कसलासा अहवाल द्यायचा होता. ती रात्री दहाला घरी यायची. मी निवृत्त होते आणि, खोटं कशाला सांगू, मला गर्वही झाला होता. आमचे हे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, “वा. भाऊबंदकी तेवढी निर्यात करायची राहिली होती.”

“तुम्ही चहा घ्या.”

“अगं, आपलीच पुरी पडेना म्हणून म्हटलं.”

मी तीन आठवडे काम केलं. नावं, जन्मसालं, कोण कुणाचा मुलगा. आजोबांच्या वडिलांना पाच बायका होत्या, त्या मी कंसात घेतल्या, लग्नाच्या क्रमानं. मुलगे जन्मक्रमानं. पहिल्या बायकोचा थोरला, तो डावीकडे, क्रमांक एक. सरकारनं नेमलेला भाऊ तो हाच. आजोबा चौथ्या बायकोचे, वयानं पाचवे, उजवीकडे. इथे मला प्रश्न पडला होता. थोरला असताना गादी पाचव्याकडे कशी गेली? मी तिला लिफ्टपाशी विचारलंही.

“बाबांना माहीत असेल,” ती म्हणाली. “विचारते.”

ती विसरली, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. आमच्या कुलवृत्तांतात थोरल्याला डावललेलं असेल तर तो एकतर दत्तक गेलेला असतो किंवा गोसावी होऊन निघून गेलेला. दोन्हींपैकी काहीतरी असेल असं मी धरून चालले. शिवाय आजोबा प्रत्यक्ष गादीवर होते, हे सरकारी कागदच सांगत होते.

वहीत एक चित्रही होतं. मधे गुरांचं गोल आवार, त्याला फाटक, आणि भोवती अर्धवर्तुळात झोपड्या. प्रत्येक झोपडीखाली एकेका बाईचं नाव, त्याखाली ठिपके. फाटकाच्या बरोबर समोरची झोपडी मोठी काढलेली होती. म्हातारी माणसं आठवणीनं जुन्या घराचे नकाशे काढतात. आमच्या कुलवृत्तांतासाठीही असे चार आले होते, त्यातल्या तिघांत परसातला आड वेगवेगळ्या दिशेला होता. मी ते चित्र स्वच्छ करून शेवटी जोडलं आणि वर मथळा दिला: ‘परिशिष्ट चार: कुटुंबाच्या जुन्या वस्तीचा नकाशा’.

छापून तयार झालेली वंशावळ देखणी होती. तिनं पाहिली, म्हणाली, “हे तर एखाद्या राजघराण्याचं वाटतंय.” तिचं शिक्षण लहानपणापासून शहरात, वसतिगृहात झालेलं. डावं-उजवं यात काही असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी फोनच्या पडद्यावर, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी ती बघितली आणि सही केली. नंतर फोनवर मला म्हणाले, “मॅडम, माझ्या वर्गात असता तर तुम्हाला दहापैकी दहा दिले असते.”

सुनावणी त्यांच्याकडे सकाळी, म्हणजे आमच्याकडे दुपारी चारच्या सुमारास होती. समितीनं नातेवाइकांना व्हिडिओवर बघायची परवानगी दिली होती. तिनं रजा घेतली आणि ती आमच्या दिवाणखान्यात येऊन बसली. हेही ऑफिसातून लवकर आले होते आणि मागे खुर्चीवर बसले.

पडद्यावर एक सभागृह, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्षांच्या मागे झेंडे. आधी सर्वांची स्वागतं झाली. जगात कुठेही हटवलेल्या माणसाचा विषय निघायच्या आत व्यासपीठावरच्या सर्वांची नावं घेतली जातात. मग सध्याचे प्रमुख आले. खांद्यावर बिबट्याचं कातडं, हातात मनगटाएवढं घड्याळ, मागे सहा जण. सगळे उभे राहिले. मास्तरही उभे राहिले, काठीवर भार देऊन. त्यांचा तपकिरी कोट खांद्यांना मोठा झाला होता.

“हा कोट माझ्या पदवीच्या वेळचा,” ती म्हणाली.

समोरच्या बाजूला प्रमुखांचा वकील होता, तरुण आणि अत्यंत सभ्य. त्यानं माझी वंशावळ उचलून धरली.

“हा कागद आपलाच ना, सर?”

“हो.”

“सही आपली?”

“माझी.”

“यात क्रमांक एकवर कोण आहेत?”

मास्तरांनी चष्मा लावला. “माझे मोठे काका. पण तो आकडा वयाचा आहे.”

“आणि आपले वडील?”

“पाच.”

“म्हणजे आपल्याच कागदाप्रमाणे ज्येष्ठ घराणं आमचं. आपले वडील काही काळ गादी सांभाळत होते. मोठ्या भावाच्या वतीनं. सरकारनं फक्त मूळ हक्कदाराला बसवलं.”

मला वाटलं हा माणूस थट्टा करतो आहे. शेजारी ती एकदम ताठ झाली.

मास्तर शिकवत असल्यासारखे सावकाश बोलू लागले. त्यांच्यात गादी वयावर जात नाही. प्रमुखाची पहिली बायको त्याची स्वतःची असते. पुढे कधीतरी, बहुधा उतारवयात, लोक त्याच्यासाठी एक बायको आणतात. तिच्यासाठी तिच्या माहेरी द्यायची गुरं सगळी जमात घराघरांतून गोळा करते. जिची गुरं सगळ्यांनी दिली ती सगळ्यांची आई. तिचं घर ते मोठं घर. वारस तिच्या पोटचा, मग तो शेंडेफळ का असेना. माझी आजी ती होती, मास्तर म्हणाले. प्रत्येक उंबऱ्यातून एक जनावर आलं होतं.

“हे या वंशावळीत कुठे लिहिलंय?”

मी कागद न बघता सांगू शकले असते. ती कंसात होती, क्रमानं चौथी.

“त्यात नाही,” मास्तर म्हणाले. “चित्रात आहे. फाटकासमोरची झोपडी मोठ्या घराची.”

वकिलानं पान उलटलं. “परिशिष्ट चार. यावर तर वस्तीचा नकाशा असं लिहिलंय.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “सर, हा नकाशा आहे की वंशावळ?”

मास्तरांना माझं नाव सांगता आलं असतं. “ज्यांनी मला मदत केली,” ते म्हणाले, “त्यांना ते घर वाटलं. ते घरच आहे.”

समोर कुणीतरी हसलं. मागे यांनी खुर्ची सरकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचे दोन पेले भरून आणले.

पडदा बंद झाल्यावर मी तिला म्हणाले, “चूक माझी आहे. मी समितीला पत्र लिहिते.”

“तू मला विचारलं होतंस, आंटी. लिफ्टपाशी. मी विसरले.” तिनं पेला तसाच धरून ठेवला होता. मग म्हणाली, “माझ्या आजोबांना दोनदा हटवलं. पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटनं. त्याला निदान त्याचा पगार मिळाला. तू फुकट केलंस.”

ती हसत होती. मला हसता आलं नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती.

मी पत्र लिहिलं, चार पानी. त्यात सांगितलं की हा तक्ता एका परक्या बाईनं आपल्या रिवाजाप्रमाणे केला, थोरला डावीकडे ही पद्धत आमची, या लोकांची नाही, आणि अर्जदारानं खरी वंशावळ स्वतःच्या हातानं काढून दिलेली होती. उत्तर आलं, सभ्य आणि दोन ओळींचं: सुनावणी संपल्यानंतर नवा मजकूर घेता येत नाही. अशी उत्तरं मी नोकरीत स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत. त्यातला शब्दन् शब्द बरोबर असतो.

मधल्या महिन्यांत मी त्या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल जे मिळेल ते वाचलं. हटवायच्या आधी सरकार घराण्यांचे तक्ते करवून घ्यायचं. त्यासाठी शिकलेली माणसं ठेवलेली होती. ती गावात जायची, अदबीनं बसायची, नावं टिपून घ्यायची, आणि परत येऊन सोयीच्या भावाला डावीकडे लिहायची. मला कुणी सोय सांगितलेली नव्हती, एवढाच फरक. मास्तरांच्या दृष्टीनं तो फरक किती होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

निकाल पावसाळी दिवसांत आला. आजोबा पालक म्हणून गादी सांभाळत होते, असं समितीचं मत पडलं. त्यांना झालेल्या छळाबद्दल खेद व्यक्त केलेला होता. हाडं गावात आणायला हरकत नव्हती. ती सार्वजनिक दफनभूमीत पुरता येतील. सध्याच्या प्रमुखांनी औदार्य दाखवून कळवलं की ते स्वतः समारंभाला येतील, बैल देतील, भाषण करतील. कातडं पांघरून, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

मास्तरांनी नकार दिला. त्यांच्याशी बोलायला तिनं मला मुद्दाम घरी बोलावलं. तिच्या फ्लॅटमध्ये पुस्तकं आणि एक झाड सोडून फारसं काही नव्हतं. फोन टेबलावर उभा केलेला. मास्तर पलंगावर टेकून बसले होते, नाकाला नळी होती.

“सर, मला माफ करा,” मी म्हणाले.

“मॅडम, मी तपासलेला पेपर तुम्ही परत तपासू नका.” मग दम खाऊन म्हणाले, “माझ्या बापाला तिथे त्यांनी नेऊन टाकलं. आता त्याला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर परत आणायचं, आणि त्या माणसाच्या भाषणाखाली पुरायचं, हे मला नको. तो आहे तिथे राहू दे.”

“बरं, बाबा,” ती म्हणाली.

“पण तो तिथे एकटा आहे. तिथली भाषाही त्याला येत नव्हती. मी त्याच्या शेजारी जाणार. माझी व्यवस्था तिथे करायची.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. “आणि आई?”

“तुझी आई तिच्या माणसांत आहे.”

“तुमची जागा तिच्या शेजारी राखलेली आहे. तुम्हीच दगड लावून ठेवलाय.”

“दगड राहू दे. कुणी बसेल त्यावर.”

ती त्यांच्याशी तिच्या भाषेत बोलू लागली, भराभर, आवाज चढत गेला. मला शब्द कळत नव्हते. मास्तर ऐकत होते. मधूनमधून एखादाच शब्द बोलत होते, तोच तोच. शेवटी त्यांना खोकला आला, आणि कुणीतरी बाजूनं येऊन फोन बंद केला.

ती टेबलापाशीच बसून राहिली. खाली मैदानात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घालत होते, लोखंडी नळ्या टाकल्याचा आवाज येत होता. तिनं फोनवर नकाशा काढला आणि बोटानं मोठा केला. गावापासून त्या ठिकाणापर्यंत दीड दिवसाचा रस्ता होता. रस्त्याच्या शेवटी नकाशावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“डॉक्टर म्हणतात दोन महिने,” ती म्हणाली. “आमच्यात खड्डा नात्यातली माणसं खणतात. गावात चाळीस जण आले असते. तिकडे कोण आहे, आंटी? तिकडे खणणार कोण?”

मी तिच्याजवळ बसले.